चार सेकंदांत उत्तर

माझ्या दादाला लहानपणी कोणी "जेवलास का?" असं विचारलं, तर तो आधी "कोण विचारतंय?" म्हणायचा. आई कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, हे पोरगं ताकास तूर लागू देत नाही, हे एखाद्या कचेरीतच शोभेल. आईचं बाकी कुठलंच भाकीत खरं झालं नाही, हे तेवढं झालं. चोविसाव्या वर्षी दादा गृहनिर्माण मंडळाच्या तक्रार विभागात कारकून म्हणून चिकटला आणि चौतीस वर्षांनी त्याच टेबलावरून निवृत्त झाला. मधल्या काळात खुर्ची दोनदा बदलली, तो बदलला नाही.

मंडळाच्या शहरभर दोनशेच्या वर इमारती. त्यांची छतं गळतात, मोऱ्या तुंबतात, लिफ्ट अडकतात, आणि आत राहणारी माणसं पत्रं लिहितात. त्या पत्रांना उत्तर देणं हे दादाचं काम. दुरुस्ती करून घेणं नव्हे, उत्तर देणं. हा फरक त्याने मला इतक्यांदा समजावला आहे की बालवाडीतल्या माझ्या बत्तीस पोरांनाही मी कुठली गोष्ट तेवढ्यांदा समजावलेली नाही.

उत्तरं चार होती. पहिलं, आपले पत्र मिळाले. दुसरं, आपला विषय संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. तिसरं, आपला विषय विचाराधीन आहे. आणि चौथं, कोणी फारच खनपटीला बसलं तर, कृपया आपल्या पूर्वीच्या पत्राचा क्रमांक कळवावा. या चारांवर त्याने नोकरी काढली, घर घेतलं, पोरीचं लग्न केलं. ऑफिसात त्याला सगळे 'विचाराधीन' म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याला तो मान वाटायचा.

एकदा त्याच्याच स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. तेही घर मंडळाचंच. वहिनी दोन महिने त्याच्या कानीकपाळी ओरडली. शेवटी तिने रीतसर पत्र लिहिलं, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. आठ दिवसांनी तिला टपालाने उत्तर आलं, आपले पत्र मिळाले. खाली सही दादाची. ते पाकीट संध्याकाळी जिन्यातल्या पेटीतून त्यानेच वर आणलं आणि तिच्या हातात देऊन म्हणाला, "तुझं पत्र आहे." वहिनी आजही हे सांगताना हसते, पण ते हसणं काही खरं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा मंडळाचे मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना चॅटबॉट हा शब्द घेऊन आले. आता पत्रं बंद, लोकांनी फोनवरून निरोप टाकायचा आणि त्यांना ताबडतोब आपोआप उत्तर जायचं. कॉम्प्युटर विभागाच्या बाईंनी वर्ष लागेल म्हणून सांगितलं. तेव्हा सभेत मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या बंधुराजांनी हात वर केला. सगळे हसले. ज्या माणसाने घरचा टीव्हीचा रिमोट वहिनीशिवाय कधी चालवला नाही, तो म्हणाला, "मी करतो."

आणि केलं त्याने, खोटं कशाला बोलू? रोज संध्याकाळी व्हिडिओ बघायचा आणि शाळकरी पोरासारखा वहीत उतरवून घ्यायचा. दोनशे पानी वही भरली. मला एकदा घरी बोलावून त्याने सगळं दाखवलं. "अगं, यात काही नाही. नुसतं जर आणि तर. जर निरोपात हा शब्द असेल, तर हे उत्तर. बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

"तेच तर सगळे विचारतात," मी म्हणाले.

त्याला बोललेलं लागत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सुरुवातीला गंमत झाली. 'गळ' ही दोन अक्षरं दिसली की गळतीचं उत्तर द्यायचं, असं त्याने यंत्राला शिकवलं होतं. एका रहिवाशाने चिडून लिहिलं, "मेलात का सगळे?" यंत्राला 'सगळे'मध्ये 'गळ' सापडलं आणि त्याने कळवलं की छताच्या गळतीची नोंद घेतली आहे. दादाने तीन संध्याकाळी बसून ते दुरुस्त केलं. मग त्याच माणसाला उत्तर गेलं की मूळ रहिवाशाचा मृत्यू झाला असल्यास घर नावावर करण्याचा अर्ज खिडकी क्रमांक सहावर मिळेल. दादाला यात वावगं वाटलं नाही. "निदान विषयाच्या जवळ आलं," म्हणाला.

वहिनीवर तर रोज चाचण्या. ती आतल्या खोलीतून लिहायची, "जेवायला कधी येताय?" आणि बाहेरच्या खोलीत दादाच्या मांडीवरचं यंत्र तिला कळवायचं की विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. ती म्हणायची, "यात नवीन काय केलंत? मला काही फरक कळला नाही." मग त्याचा चेहरा असा खुलायचा की सांगता सोय नाही. फरक कळू नये हेच तर त्याला हवं होतं.

यंत्र सुरू झालं आणि चार सेकंदांत उत्तर जायला लागलं. पूर्वी आठ दिवस लागत. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, दादाने त्या कापून वहीत चिकटवल्या. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषण केलं आणि म्हणाले, हे चालले असले तरी यांची उत्तरं इथेच राहणार आहेत. टाळ्या पडल्या. दादाच्या जागी कोणाला नेमलंच नाही. टेबल उचललं, खिडकी बंद केली आणि काचेवर कागद लावला, तक्रारीसाठी कृपया या क्रमांकावर निरोप पाठवा. दादा ज्याला त्याला सांगत सुटला, "माझ्या जागी दुसरा माणूस मिळालाच नाही त्यांना." मी म्हटलं, मिळाला नाही की लागला नाही? तो म्हणाला, एकच.

त्यानंतर वर्षाच्या आत आमचे हे बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं. मी चौथ्या मजल्यावर राहते, मंडळाच्याच इमारतीत. हे लिफ्टने वर आले आणि तिसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "सहा आठवड्यांच्या आत यांना इथे व्यायामाला आणायला लागा. रोज. यंत्रं इथेच आहेत, घरी होणार नाही. उशीर झाला तर सांधा धरेल. मग तो मी सोडवू शकणार नाही." एकदा चार माणसं बोलावून खुर्चीवरून उतरवायचा प्रयत्न केला. जिना अरुंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली आणि हे असे ओरडले की सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. तसेच परत वर नेले. डॉक्टर फोनवर माझ्यावरच खेकसले, पुन्हा असला आचरटपणा केलात तर दुसरा खुबाही घेऊन याल.

म्हणजे लिफ्ट हवी. लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस म्हणाला, दोर आणि मोटर दोन्ही गेलंय, मंडळाच्या इंजिनिअरचं सहीचं पत्र आलं की लगेच बदलतो, त्याशिवाय हात लावता येत नाही. म्हणून मी मंडळाच्या क्रमांकावर निरोप टाकला. लिफ्ट बंद आहे, घरात खुब्याचा रुग्ण आहे, सहा आठवड्यांची मुदत आहे.

चार सेकंदांत उत्तर आलं. आपला निरोप मिळाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. विषय संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे. चौथ्या दिवशी लिहिलं. विचाराधीन आहे. मी दादाला फोन लावला.

"दादा, लिफ्टचं काही होत नाहीये रे."

"निरोप टाकलास?"

"तीनदा टाकला."

"उत्तर आलं का?"

"आलं."

"किती वेळात?"

"अरे, आलं लगेच. पण..."

"चार सेकंद ना? बघ. अजून एकदाही पाच झालेले नाहीत."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं. मोठा भाऊ, आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो मात्र पुढे समजावत होता. मी फार लांबलचक लिहिते म्हणे. त्यात 'खुबा' आणि 'मुदत' असले शब्द येतात, ते त्याने यंत्राला शिकवलेले नाहीत. "नुसतं लिफ्ट लिही आणि इमारतीचा क्रमांक लिही. तुझं घरचं सांगत बसू नकोस त्याला."

मी नुसतं लिफ्ट लिहिलं, इमारतीचा क्रमांक लिहिला. कृपया आपल्या पूर्वीच्या निरोपाचा क्रमांक कळवावा. कळवला. आपला निरोप मिळाला.

असे तीन आठवडे गेले. हे खिडकीशी पलंगावर बसून राहायचे. पहिल्या आठवड्यात चिडायचे, दुसऱ्यात विनोद करायचे, तिसऱ्यात दोन्ही बंद झालं. पाय हलवून दाखवा म्हटलं की "उद्या" म्हणायचे. मला रात्रंदिवस डॉक्टरांचं ते 'सांधा धरेल' ऐकू यायचं.

चौथ्या आठवड्यात बालवाडीतून अर्धा दिवस सुटी काढून मी मंडळात गेले. फाटकालगतची तक्रारीची खिडकी बंद, काचेवर कागद. बाकावर एक शिपाई बसला होता, दादाच्या वेळचा, केस पांढरे झालेला. मी दादाचं नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला. मला वाटलं, ओळख निघाली, आता हसेल आणि विचाराधीनचा एखादा किस्सा सांगेल.

तो म्हणाला, "ताई, साहेब होते तेव्हा असं नव्हतं."

मी म्हटलं, "असंच होतं. तीच उत्तरं आहेत. त्यानेच घातलीत."

"उत्तरं तीच हो. पण साहेब तिसरं पत्र खिशात घालायचे ना."

मला काही समजेना. मग त्याने सांगितलं. एकाच माणसाचं एकाच कामासाठी तिसरं पत्र आलं की दादा ते फाईलला लावायचा नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचा. चार वाजता चहाची वेळ झाली की वरच्या मजल्यावर जायचा आणि इंजिनिअरच्या टेबलाशी उभा राहायचा. काही बोलायचा नाही. इंजिनिअर विचारायचे, काय आहे? हा पत्र पुढे करायचा. ते म्हणायचे, ठेवा तिकडे. हा ठेवायचा नाही, उभाच राहायचा. शिव्या खायचा, कधी अर्धा तास, कधी दोन-तीन दिवस रोज. शेवटी ते वैतागून सही करायचे आणि म्हणायचे, घ्या आणि जा एकदाचे. मग हा खाली यायचा आणि काही झालंच नाही असा बसायचा.

"किती कामं झाली असतील अशी?" मी विचारलं.

"मोजली कोणी? मीच दर आठवड्याला दोन-तीन सहीची पत्रं कंत्राटदारांकडे पोचवायचो. साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, घरी कळू देऊ नकोस, नियमात बसत नाही."

तिथून मी तडक दादाच्या घरी गेले. माझ्या भावाबद्दल मला चौतीस वर्षं जे वाटत होतं त्यातलं निम्मं चुकीचं होतं, आणि त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी मला असा संताप आला की चपला काढायचं भान राहिलं नाही. तो खुर्चीत बसून ती कात्रणांची वही चाळत होता. वहिनी भाजी निवडत होती.

"तिसऱ्या पत्राचं यंत्रात का नाही घातलंस?"

त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "कोणी सांगितलं तुला?"

"ते राहू दे. का नाही घातलंस?"

"ते कुठे काम होतं, अगं? काम म्हणजे उत्तर देणं. ते आपलं उगाच... नियमाबाहेरचं. साहेबांसमोर कुठल्या तोंडाने सांगणार, की मी पत्रं खिशात घालतो?"

"तुझं जर आणि तर आहे ना? जर तिसरा निरोप आला, तर काय?"

"तर उभं राहायचं."

"मग लिही तसं!"

"लिहीन गं," तो म्हणाला. "पण उभं कोण राहणार?"

वहिनीच्या हातातली भाजी तशीच राहिली. तिला तरी कुठे माहीत होतं? ती एवढंच म्हणाली, "आणि आपलं स्वयंपाकघर सात वर्षं गळत होतं ते?"

"तू दोनच पत्रं लिहिलीस," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडून लिहून घेतलेला अर्ज खिशात घालून मंडळात गेला. आत सोडलं नाही. फाटकावर नवा पहारेकरी, ओळखपत्राची मुदत संपलेली. पहारेकऱ्याने काचेवरचा क्रमांक दाखवला, निरोप पाठवा, बोलावलं की या. दादाने निरोप पाठवला. चार सेकंदांत त्याला कळलं की त्याचा विषय विचाराधीन आहे. पहारेकरी म्हणाला, "झालं ना काका तुमचं काम? मग बाजूला व्हा, गाडी येतेय."

हे सगळं मला त्यानेच सांगितलं. नंतर तो रोज चार वाजता जाऊन फाटकाशी उभा राहायला लागला. आत नाही तर बाहेर. वहिनीने डबीत बिस्किटं दिली आणि छत्री दिली. छत्री त्याने घेतली नाही. म्हणाला, छत्री घेतली की माणूस वाट बघतोय असं वाटतं, उभा आहे असं वाटत नाही. म्हटलं, धन्य आहेस बाबा. साठीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि उभं राहण्यातही त्याची पद्धत!

इंजिनिअर नवे होते. पाच वाजता त्यांची गाडी बाहेर पडायची आणि काच वर असायची. अकराव्या दिवशी काच खाली झाली.

"तुम्ही रोज इथे का उभे असता हो?"

दादाने अर्ज पुढे केला. ते म्हणाले, निरोप पाठवा ना, यंत्र आहे आपलं. दादा म्हणाला, "ते यंत्र मीच केलंय, साहेब. म्हणूनच आलो." इंजिनिअरांनी त्याच्याकडे बघितलं, मग खाली उतरून कागद गाडीच्या टपावर ठेवून सही केली.

तेव्हा सातवा आठवडा चालू होता. सहीचं पत्र कंपनीला पोचणं, दोर येणं, मोटर बसणं, यात आणखी पंधरा दिवस गेले. नवव्या आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. वरातीमागून घोडं आलं, पण आलं. मी ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, सोडला, पुन्हा वाकवून बघितला. म्हणाले, चालतील. काठीने चालतील. पण खाली वाकता येणार नाही आता, सांध्याने धरलंय. तीन आठवडे आधी आणलं असतंत तर वेगळं सांगितलं असतं.

ह्यांनी मान डोलावली, जणू डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलत होते. मला मात्र रडू आवरेना, आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन मनसोक्त रडले.

आता रोज सकाळी दहाला व्यायाम असतो. पहिल्या सोमवारी दादा सोबतीला आला. लिफ्ट वर आली तेव्हा त्याने दाराला हात लावून बघितला, आत वाकून दिवे बघितले, आणि जरा ऐटीतच म्हणाला, "तू पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे यायला हवं होतंस."

मी चार दिवस मनात घोळवलेलं सगळं विसरले. शांतपणे बोलले, इतक्या शांतपणे मी बालवाडीतही बोलत नाही.

"आले होते, दादा. पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. तीन निरोप टाकून झाले होते. तू मला विचारलंस, उत्तर आलं का."

तो वळून घरात गेला. हे पलंगाच्या कडेला बसले होते आणि काठीच्या टोकाने बूट जवळ ओढायचा प्रयत्न करत होते. बूट पुढे सरकत होता, पायात जात नव्हता. दादा जमिनीवर बसला, गुडघे वाजले त्याचे, आणि त्याने बूट हातात घेऊन नाडी सैल करायला सुरुवात केली.